घराचे आठ गुण

सांजदिवा घरात आला त्या दिवशी वृंदाने त्याला हळदकुंकू लावलं. ती नव्या मिक्सरलाही लावते, त्यामुळे त्यात दिव्याचा काही खास मान नव्हता. बसवायला आलेले गृहस्थ फक्त एवढंच म्हणाले, "काचेवर नको, ताई. तिथून तो बघतो."

वृंदाने ओढणीच्या टोकाने काच पुसली आणि आमच्याकडे बघणं सुरू झालं.

हे २०३९ सालचं. त्या वर्षीपासून दहावीच्या गुणपत्रिकेत घरच्या वाचनाला वीस गुण आले होते. पोरांनी घरी वाचावं म्हणून सरकारने त्याआधी सगळं करून पाहिलं होतं. फिरती ग्रंथालयं, वाढदिवसाला पुस्तक, वाचनाची शपथ. शपथ तर मीच लिहून दिली होती. मग कोणीतरी अकरा हजार घरांत जाऊन पाहणी केली आणि असं निघालं, की ज्या घरात मोठं माणूस रोज, कोणी न सांगता, वाचत बसलेलं दिसतं, त्या घरातली पोरं वाचतात. बाकी कशाने फरक पडत नाही. 'वाच, वाच' म्हणणाऱ्या घरांत तर उलटाच पडतो. इतक्या साध्या गोष्टीचं सरकारला जे करता येतं ते त्याने केलं. तिला गुण दिले. वीसपैकी पंधरा मुलाचे, पाच घराचे.

जिल्ह्याच्या बैठकीत मी उठून म्हणालो, की पाच फार कमी होतात. पालकांना जबाबदारीची जाणीव व्हायची असेल तर घराचे निदान आठ हवेत. टाळ्या पडल्या. घराचे आठ झाले, मुलाचे बारा.

मी प्रा. हेमंत गिजरे. कराडच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. तोवर एकसष्ट पुस्तकांना माझ्या प्रस्तावना झाल्या होत्या. मुलांना घरी वाचतं कसं करावं या विषयावर माझं भाषण झालेलं नाही असं गणेश मंडळ आमच्या भागात सापडणं अवघड. त्यामुळे दिव्याची मला स्वतःपुरती काळजी नव्हती. होती ती मैत्रेयीची. आमची मुलगी, पंधरा वर्षांची, नुकतीच दहावीत गेलेली. ती वाचायची, नाही असं नाही. पण वृंदाचे वडील गुरांचे डॉक्टर होते, आणि त्यांच्यामागे राहिलेलं जनावरांच्या आजारांचं एक जाडजूड पुस्तक ती वाचायची. चाऱ्यातून गाईच्या पोटात तार गेली तर काय करावं, हे तिला तोंडपाठ होतं. आमच्याकडे गाय नव्हती. मराठीच्या प्राध्यापकाच्या घरात यापेक्षा काही बरं वाचलं जावं, असं मी तिला महिन्यातून दोनदा तरी ऐकवत असे.

दिवा काम कसा करतो ते सोबतच्या पुस्तिकेत नीट दिलं होतं. ती वृंदाने वाचली आणि मला सांगितली.

वाचताना आपले डोळे ओळीवरून सरकत नाहीत, उड्या मारतात. एका उडीत सात-आठ अक्षरं, मग पाव सेकंदाचा थांबा, की पुढची उडी. दहांतली एखादी उडी मागे जाते. कळलं नाही म्हणून, किंवा फार आवडलं म्हणून. दिव्यातून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश येतो, बुबुळावरून परततो, आणि त्यावरून दिवा या उड्या मोजतो. नुसती नजर फिरवणाऱ्याच्या उड्या एकसारख्या पडतात, अवघड शब्दापाशी अडत नाहीत. मन भलतीकडे गेलं की पापण्या जास्त लवतात. आणि माणूस खरोखर रमला की त्याची बाहुली मजकुराबरोबर लहानमोठी होत राहते. भांडण पेटलं की मोठी, मिटलं की लहान. या सगळ्याचा मिळून शंभरपैकी एक आकडा निघतो. त्याला नाव दिलं होतं तल्लीनता.

लोकांच्या घरात चेहऱ्यांची चित्रं घ्यायला कायद्याने बंदी होती, म्हणून दिवा माणसाला चेहऱ्यावरून ओळखत नसे. पहिल्या आठवड्यात तो प्रत्येकाच्या उड्यांची ढब शिकून घेई. ती सहीसारखी असते, दोघांची एक नसते. चष्मा असेल तर चष्म्यासकट शिके. पुढे त्याच्या उजेडात जो बसेल त्याला तो घरातल्या नोंदलेल्या माणसांपैकी कोणाशी तरी जुळवून पाही.

वेळ ठरलेली होती, दिवेलागणीची, सात ते आठ. पूर्वी या वेळेला मुलं हात जोडून बसायची, आता पुस्तक धरून बसायची. वृंदा एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. तिला परतायला साडेआठ होतात, म्हणून तिचं वाचन शनिवार-रविवारी धरलं जाई. अहवाल रविवारी सकाळी फोनवर.

पहिला अहवाल आम्ही पोहे खाताना उघडला. वृंदाने मोठ्याने वाचला.

"मैत्रेयी. पानं उलटली एकशे दोन, वाचली एकशे दोन. तल्लीनता चौऱ्याऐंशी."

"निघाली का तार गाईची?" मी म्हणालो. मला तेव्हा विनोद सुचत होते.

"वृंदा. उलटली सोळा, वाचली सोळा. तल्लीनता एक्केचाळीस."

"सोळाच, आई?"

"नव्या मशीनचं मॅन्युअल आहे ते. त्यात माणसाने रमायचं तरी किती." मग ती जरा थांबली. "हेमंत. पानं उलटली दोनशे चौदा. वाचली नऊ. तल्लीनता दोन."

"शंभरपैकी?" मैत्रेयीने विचारलं.

"बिघडलाय," मी म्हणालो.

"कुठली नऊ तेही दिलंय," वृंदा म्हणाली. तिला रिपोर्ट शेवटपर्यंत वाचायची सवय आहे. "मागच्या कव्हरवरचा मजकूर. पहिली दोन पानं. मधलं एक. शेवटची चार. आणि ऋणनिर्देश. त्यातल्या एका ओळीवर तल्लीनता एक्क्याण्णव."

"कुठल्या?"

"'प्रा. हेमंत गिजरे यांचे मोलाचे मार्गदर्शन लाभले.'"

मैत्रेयी बशी घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि तिथे हसली. त्यात कुचेष्टा नव्हती. बापाची गंमत वाटल्यावर मुलगी हसते तसं ते हसू होतं, आणि मी ते आवडल्यासारखं केलं.

खरं सांगायचं तर दिवा बिघडलेला नव्हता. पुस्तक कसं न वाचावं हे मला माझ्या धंद्याने शिकवलं आहे. मागचं कव्हर, सुरुवात, मधलं एखादं पान, शेवट. एवढ्यावर प्रस्तावना होते. 'लेखिकेची भाषा सहज आहे', 'अनुभवाशी प्रामाणिक राहून', 'मराठीत हे लेखन वेगळे ठरेल'. आजवर एकाही लेखकाने तक्रार केलेली नाही. तेही प्रस्तावनेत स्वतःचं नावच शोधत असावेत. पुढचे दोन आठवडे मी मनापासून प्रयत्न केला. दिव्याखाली ताठ बसलो, फोन कपाटात ठेवला. चार मिनिटं जायची. पाचव्या मिनिटाला डोळे ओळीवर असायचे आणि मी कुठेतरी सत्कार स्वीकारत असायचो. तल्लीनता दोनाची तीन झाली.

तिसऱ्या आठवड्यात मला जिल्ह्याचा वाचनदूत नेमलं. माझा फोटो एसटी स्टँडवर लागला, हातात पुस्तक धरलेला. त्याच रविवारी वृंदा अहवाल वाचता वाचता म्हणाली, "अरे वा. हेमंत, गुरुवारी अकरा मिनिटं. तल्लीनता त्रेसष्ट. सुधारतोयस."

गुरुवारी मी शिराळ्याला भाषणाला गेलो होतो.

वृंदा आत गेल्यावर मी मैत्रेयीकडे पाहिलं.

"तुझा चष्मा घालून तुझी नक्कल करत होते," ती म्हणाली. "'वाचकमित्रहो' वगैरे. समोर तुझ्या टेबलावरची ती बाईंची कादंबरी होती, प्रिंटआउट. हातात घेतली आणि मग वाचतच बसले. चष्मा काढायचा राहिला."

माझा चष्मा अडीच नंबरचा आहे. त्या जाड भिंगांतून अक्षरं मोठी झाली, तिच्या उड्यांची लांबी बदलली, आणि दिव्याने घरातल्या तिघांत चष्मेवाला एकच बघून नोंद माझ्या नावावर केली. यंत्र म्हणून त्याची चूक नव्हती. पंधरा वर्षांची मुलगी बापाच्या चष्म्यातून वाचेल हे बनवणाऱ्यांच्या डोक्यात यायचं कारण नव्हतं. माझ्या डोक्यात ते अर्ध्या तासात आलं.

तिला विचारताना मी वापरलेली भाषा मला अजून आठवते. भाषणात वापरतो तीच होती.

"मैतू, घराचे आठ गुण शेवटी कोणाच्या गुणपत्रिकेत पडणार?"

"माझ्या."

"मग घराचं वाचन हे एका अर्थी तुझंच वाचन झालं."

तिने थोडा विचार केला. "म्हणजे साडेसातपर्यंत मी मी, आणि साडेसातनंतर मी तू?"

"तात्पुरतं. मला सवय होईपर्यंत."

"आणि तू काय करणार तेव्हा?"

"मी आहेच इथे."

"आईला सांगायचं?"

"आईला उगाच कशाला. ती दमून येते."

"चालेल," ती म्हणाली. "ती कादंबरी मला पुरी करायचीच होती." आणि एवढ्याशा गोष्टीसाठी बाप एवढा अवघडलाय हे बघून तिने माझ्या खांद्यावर थोपटलं.

ती कादंबरी शालिनीताई तासगावकरांची होती. बोटीवर नोकरीला गेलेला नवरा, गावात राहिलेली बायको, दोन मुलं, आणि अधूनमधून येणारी नवऱ्याची पत्रं. बासष्टावी प्रस्तावना. मैत्रेयीने आठ दिवसांत ती संपवली आणि वहीच्या कागदावर मला टिपणं काढून दिली. त्यात एक ओळ होती: 'पत्रं नवऱ्याची नाहीयेत. मुलांची आईच लिहिते. पत्र दर वेळी द्वादशीला येतं, कारण आदल्या दिवशी तिची एकादशी असते आणि चूल बंद असल्यामुळे तिला वेळ असतो. लेखिका हे कुठेच सांगत नाही.'

मी ती ओळ जरा प्रौढ करून प्रस्तावनेत घातली.

पुस्तक छापून आल्यावर शालिनीताईंचा फोन आला. बाई सत्तरीच्या, फोनवर रडल्या. "गिजरेसर, चौघांनी वाचलं, माझ्या प्रकाशकाने वाचलं. द्वादशी कोणाला दिसली नाही. मला वाटायला लागलं होतं की मी ती फार खोल पुरली. तुम्हाला दिसली."

"वाचताना थांबावं लागतं, ताई," मी म्हणालो.

मैत्रेयी समोर गणितं सोडवत होती. तिने मान वर केली, माझ्याकडे बघून हसली आणि पुन्हा खाली घातली. तिला अभिमान वाटला होता. तिची ओळ कोणाला तरी रडवून गेली होती. त्या वेळी फोन तिच्या हातात देता आला असता. मी देवघराच्या बाजूला जाऊन बोलणं पुरं केलं.

त्यानंतर कामं वाढली. द्वादशी पाहणारा प्रस्तावनाकार म्हणून माझं नाव झालं. महिन्याला दोन हस्तलिखितं येऊ लागली, मग चार. तात्पुरता अर्धा तास पाऊण झाला आणि आधीचा झाला. म्हणजे सातला ती आधी मी व्हायची, आणि उरलेल्या पंधरा मिनिटांत मैत्रेयी. गुरांचं पुस्तक उघडायची तेव्हा कपाळ दाबत असायची. माझे अहवाल साठाच्या खाली येत नव्हते. दिवाळी अंकात 'आमच्या घरातली दिवेलागण' हा माझा लेख आला. त्यात मी पुस्तकात बुडालेला असतो आणि मुलगी मला पाहून हळूच आपलं पुस्तक उघडते, असं वर्णन होतं. ते लिहिताना माझी तल्लीनता चांगली असणार.

दिवाळीनंतर मैत्रेयीचं डोकं रोजच दुखायला लागलं. आम्ही तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

"नंबर काही नाही," डॉक्टर म्हणाले. "पण जवळचं बघायचे स्नायू दमलेत. वयाच्या मानाने विचित्र आहे. घरातल्या कोणाचा चष्मा वगैरे लावते का ही?"

मी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता बघत होतो. तो मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

"नाही," मैत्रेयी म्हणाली. "मोबाइल जास्त बघते मी."

वृंदाने घरी येईपर्यंत तिला ऐकवलं आणि महिनाभर मोबाइल काढून घेतला. मैत्रेयी मागच्या सीटवर बसून ऐकत होती. मी गाडी चालवत होतो.

घरी आल्यावर मी म्हणालो, "मैतू, आपण थांबवू या का हे?"

"चालू कामाचं काय पण? ते शनिवारी प्रकाशन आहे ना तुझं."

"हो, ते आहे."

"मग तेवढं होऊ दे." ती थांबली. तिने मला 'नाही, आजच थांबवू' म्हणायला पुरेसा वेळ दिला.

तेवढं झालं, आणि त्यानंतरचंही झालं.

जानेवारीत तिचा स्वतःचा आकडा पाचावर आला. पानं उलटली एकशे साठ, वाचली आठ. कुठली आठ तेही दिलं होतं. मागचं कव्हर, सुरुवातीची, मधलं एक, शेवटची. मी तो अहवाल दोनदा पाहिला. माझ्या पहिल्या अहवालात आणि यात फरक एवढाच होता, की ऋणनिर्देशात तिचं नाव कुठे नव्हतं.

पुढच्या रविवारी सांजदिवा केंद्रातून भेट आली. तबस्सुम मुलाणी, केंद्राच्या तपासनीस, तिशीच्या आतल्या, हातात टॅब. दारातच वाकून नमस्कार केला.

"सर, ओळखलंत का? तुमच्या वर्गात होते. तुमचं वाचनावरचं भाषण ऐकून मी या कामात आले."

वृंदाने चहा टाकला. मैत्रेयीला बाहेर बोलावलं. तबस्सुमने खुर्ची तिच्याकडे वळवून घेतली.

"सर, मी येणारच नव्हते. पण जिल्ह्यात असं एकच घर आहे. वडिलांची तल्लीनता सत्तर आणि मुलीची पाच. पाहणीच्या विरुद्ध आहे हे. केंद्राचं म्हणणं पडलं, की मुलगी मुद्दाम पानं उलटतेय." मग मैत्रेयीला म्हणाली, "असं असलं तर बारा गुण जातात, बाळा. आणि दर रविवारी वाचनसंस्काराच्या वर्गाला यावं लागतं, मार्चपर्यंत. शाळेत नाव लागतं त्याचं. तुला काही सांगायचंय का?"

मैत्रेयीने माझ्याकडे पाहिलं. वाट बघणारं माणूस बघतं तसं.

मी बोललो. "घरात एवढी पुस्तकं, डोळ्यांसमोर बाप रोज वाचत बसलेला, तरी तुला पुस्तक उघडावंसं वाटत नाही, मैत्रेयी. याचं मला फार वाईट वाटतं."

हे वाक्य माझ्या भाषणातलं आहे. तिथे तिच्या नावाच्या जागी 'बाळांनो' असतं. तोंडात तयार होतं, म्हणून आलं. याहून बरं कारण मला आजवर सापडलेलं नाही.

"सॉरी, बाबा," मैत्रेयी म्हणाली.

तबस्सुमने टॅबवर काहीतरी लिहिलं. वातावरण जड झालं असं वाटून ती विषय बदलायला म्हणाली, "सर, तासगावकरबाईंच्या कादंबरीची तुमची प्रस्तावना मी तीनदा वाचली. ती द्वादशी. तुम्हाला कितव्या पत्राला लक्षात आलं ते? मला तर प्रस्तावना वाचूनही पुन्हा शोधावं लागलं."

"ते," मी म्हणालो. "ते असं आहे, द्वादशीला आपल्याकडे एक सांस्कृतिक..." आणि पुढे काही नव्हतं. एकूण पत्रं किती होती हेही मला माहीत नव्हतं.

"तिसऱ्या," मैत्रेयी म्हणाली. "बाबा सांगत होता ना परवा. तिसऱ्या पत्राच्या आधी धाकटा मुलगा भूक लागली म्हणून रडतो आणि ती म्हणते, आज माझी एकादशी, तुम्हाला कालचं वाढते. तिथे तो मागे गेला आणि त्याने पहिली दोन पत्रं परत पाहिली. हो ना बाबा?"

ती हे पटापट, सहज म्हणाली. डॉक्टरांकडे म्हणाली होती तसं. मी तिला आताच तबस्सुमच्या हवाली केलं होतं आणि ती मला सांभाळून घेत होती. तिला ते इतकं नीट येत होतं, की त्यासाठी सराव किती झाला असेल हे मला त्या क्षणी मोजावं लागलं. जून ते जानेवारी.

"ते मी वाचलेलं नाही," मी म्हणालो.

"काय, सर?"

"ती कादंबरी. तिच्यानंतरची अकरा पुस्तकंही. हिने वाचलीत, माझा चष्मा लावून. सत्तर हिचे आहेत. पाच... पाचही हिचेच आहेत, पण ते माझ्यामुळे आहेत. माझे स्वतःचे दोन होते."

स्वयंपाकघराच्या दारात वृंदा ट्रे धरून उभी होती. तिने तो टेबलावर ठेवला, कप एकेक करून उतरवले, माझा माझ्यासमोर ठेवला.

"डोकेदुखी," ती म्हणाली.

"हो."

"महिनाभर तिचा मोबाइल मी काढून घेतला होता. तू बघत होतास." तिचा आवाज चढला नव्हता. "सँपल तिचं आणि लेबल तुझं. आमच्याकडे असं एकदा झालं की माणसाला दुसऱ्या दिवशी कामावर घेत नाहीत, हेमंत."

तबस्सुमने टॅब मांडीवर पालथा घातला. "सर, हे मी ऐकलंय, आता मला लिहावं लागेल. आणि ते एकट्या तुमचं नाही लिहिता येणार. दुसऱ्याच्या नावावर वाचणं हेही नियमात बसत नाही. वीसच्या वीस जातात."

"तिचे पण?"

"तुम्ही बोलला नसता तर बारा गेले असते. घराचे आठ राहिले असते." ती आम्हा तिघांकडे बघून थांबली. "हे मी अजून लिहिलेलं नाही."

मी मैत्रेयीकडे पाहिलं. इतके महिने जे मी तिच्यावर टाकत आलो, तेच मी पुन्हा टाकत होतो, हे माझ्या लक्षात यायच्या आत तिने उत्तर दिलं.

"लिहा, ताई. मग दिवा घेऊन जाल तुम्ही?"

"न्यावा लागेल."

"म्हणजे सात वाजता बसायला नको?"

"नको."

"बरं झालं," मैत्रेयी म्हणाली, आणि आत गेली. तिच्या चालण्यात सुट्टी लागल्याचा हलकेपणा होता. वर्षभरापूर्वी तिला गुरांच्या पुस्तकावरून उठवून जेवायला बसवावं लागायचं.

जाताना तबस्सुमने नमस्कार केला नाही. विसरली असेल.

दिवा गेला. एसटी स्टँडवरचा माझा फोटोही गेला. तिथे आता एका क्लासची जाहिरात आहे. शालिनीताईंना मी पत्र लिहून सगळं कळवलं. त्यांचं उत्तर आलं नाही. वृंदा माझ्याशी बोलते, कामापुरतं, लॅबमधल्या लोकांशी बोलते तसं. मैत्रेयीला दहावीला वीस गुण कमी पडले आणि हवं ते कॉलेज मिळालं नाही, मिळालं त्यात ती जाते. घरी ती वाचत नाही. कानाला हेडफोन लावून पडलेली असते. मी तिला 'वाच' म्हणत नाही. एवढी एक गोष्ट मी करतो.

आणि सात वाजता बसतो. कोणी मोजत नाही, बघतही नाही. तासगावकरबाईंची ती कादंबरी घेतली आहे, छापलेली, माझ्या प्रस्तावनेची. प्रस्तावना ओलांडून पहिल्या पानापासून सुरुवात केली. चार मिनिटांची पाच व्हायला तीन आठवडे लागले. परवा एकदा सव्वाआठ झाले ते कळलं नाही. पहिलं पत्र येतं ते पान होतं. बाई दुपारी उंबऱ्यात बसलेली, पोस्टमन सायकल भिंतीला लावून पत्र देतो आणि पाणी मागतो, आणि ती पाणी आणायला जाते तेव्हा तो ओसरीवर बसून दौतीकडे बघतो. नुसतं बघतो, एवढंच आहे. मी ती ओळ पुन्हा वाचली. मग तिच्या आधीचं पान पुन्हा वाचलं. अंगावर काटा आल्यासारखं झालं आणि ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना.

मी पुस्तकात बोट घालून मैत्रेयीच्या खोलीच्या दारात गेलो. तिने एका कानाचा हेडफोन काढला.

"मैतू, त्या पोस्टमनला माहीत असतं का गं? की पत्रं तीच लिहिते ते?"

ती माझ्याकडे, मग पुस्तकाकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आठवायचा प्रयत्न करताना दिसतो तसा भाव क्षणभर आला आणि गेला.

"ते पुस्तक मी नाही वाचलेलं, बाबा," ती म्हणाली. "ते तू वाचलंयस."

आणि तिने हेडफोन परत लावला.